‘डल’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि इतिहास

स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे पाहावीत म्हणून आम्ही विद्यालयाच्या कार्यालयातील लोखंडी कपाट उघडले, तेव्हा सुतळीने बांधलेले प्रगतिपुस्तकांचे काही गठ्ठे हाती लागले. हजेरी, उंची, वजन, विषयवार गुण आणि शेवटी वर्गशिक्षकांचा शेरा, अशी त्यांची ठरलेली मांडणी. शाळा मराठी माध्यमाची. त्यामुळे नावे मराठीत, आकडे मराठीत, सह्याही मराठीत. परंतु शेऱ्याच्या रकान्यात अनेक ठिकाणी एकच इंग्रजी शब्द आढळला : ‘डल’. त्यांपैकी काही पुस्तकांवरील अक्षर आमचेच होते.

मराठी प्रगतिपुस्तकात हा एकच शब्द इंग्रजीत का लिहिला जात असे? विचार करता उत्तर सोपे आहे आणि ते आम्हांस भूषणावह नाही. ‘मुलगा मठ्ठ आहे’ असे लिहिले असते, तर पालकाने ते वाचले असते, निदान कोणाकडून तरी वाचून घेतले असते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर उभे राहून विचारले असते की, गुरुजी, असे का लिहिलेत? ‘डल’ या शब्दाला कोणी असा जाब विचारला नाही. ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला तो कळू नये, अशीच त्याची योजना होती. आम्ही ती जाणून केली नसेल, पण होती खरी. एका चार अक्षरी इंग्रजी विशेषणाचा वाच्यार्थ कोणता, लक्ष्यार्थ कोणता, आणि ते एकमेकांत कसे मिसळले, हे या लेखात पाहण्याचा विचार आहे. भाषाशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु शब्दालाही इतिहास असतो, आणि इतिहास हा आमचा विषय आहे.

हा शब्द आता मराठीला परका राहिलेला नाही. साडीचा रंग ‘डल’ असतो, कापसाचा बाजार ‘डल’ असतो, तापातून उठलेले मूल ‘डल’ दिसते. इंग्रजीत त्याचा संसार याहून मोठा आहे. सुरीचे पाते, पावसाळी आभाळ, दबलेला आवाज, सतत जाणवणारे पण तीव्र नसलेले दुखणे, कंटाळवाणे व्याख्यान, आणि लवकर न समजणारा मनुष्य, या सर्वांना तेथे हे एकच विशेषण लावतात. मराठी या बाबतीत अधिक काटेकोर आहे. आपल्याकडे पाते बोथट असते, रंग फिका असतो, आभाळावर मळभ असते, आवाज दबका असतो, व्याख्यान रटाळ असते, बाजार थंड असतो, चेहरा निस्तेज असतो. दुखण्याचे तर विचारूच नये. कळ, ठणका, चमक, तिडीक, रग, सल असे प्रत्येक वेदनेला आपल्या आयाबायांनी वेगळे नाव दिलेले आहे. इंग्रजीने जेथे एका शब्दावर भागवले, तेथे मराठीने दहा शब्द राबवले. म्हणूनच ‘डल’ मराठीत आला तेव्हा तो आपल्याबरोबर एक सोयीस्कर धूसरपणा घेऊन आला. ‘मूल डल आहे’ म्हणजे ते आजारी आहे, उपाशी आहे, उदास आहे, की त्याला समजत नाही, हे ठरवण्याचे कष्टच उरले नाहीत.

वैद्यकशास्त्रात मात्र हा शब्द अगदी नेमक्या अर्थाने वापरतात. डॉक्टर रुग्णाच्या छातीवर एका हाताचे बोट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली या पद्धतीवर पुस्तिका लिहिली. त्याचे वडील खानावळ चालवीत आणि पिपात मद्य कोठवर भरले आहे हे पीप ठोकून पाहत. त्यावरून मुलाला ही कल्पना सुचली असे सांगतात. हवेने भरलेले निरोगी फुप्फुस ठोकले की पोकळ, घुमणारा आवाज येतो. आत पाणी साचले असेल किंवा फुप्फुस घट्ट झाले असेल, तर आवाज घुमत नाही. त्याला डॉक्टर ‘डल’ म्हणतात. येथे ‘डल’ हा शब्द निकाल सांगत नाही, आत काय साचले आहे ते तपासा असे सांगतो. शिक्षकांच्या हाती हाच शब्द आला तेव्हा आम्ही तपासणी सोडून दिली आणि निकाल तेवढा ठेवला.

आता वाच्यार्थाकडे वळू. काही वर्षांपूर्वी इंग्रजीचे शिक्षक दीर्घ रजेवर असताना सातवीचा तास आमच्याकडे आला होता. विरुद्धार्थी शब्द घेत होतो. ‘शार्प’च्या विरुद्ध काय, असे विचारता वर्गाने ‘ब्लंट’ सांगितले; आम्ही फळ्यावर त्याखाली ‘डल’ असेही लिहिले आणि दोन्हींचा अर्थ बोथट असे सांगून पुढे जाऊ लागलो. एका मुलीने विचारले, “सर, दोन्हींचा अर्थ एकच, तर शब्द दोन कशाला?” प्रश्न रास्त होता. शब्दकोश आणवून पाहिला. फरक होता, आणि तो लहान नव्हता. ‘ब्लंट’ म्हणजे ज्याला मुळातच टोक किंवा धार नाही असे. लहान मुलांसाठी गोल टोकाची कात्री करतात ती ‘ब्लंट’. ‘डल’ मात्र बहुधा अशा वस्तूला म्हणतात की जिला धार होती आणि ती गेली. मुलांना हे कसे समजावे, याचा आम्ही विचार करीत होतो, तोच मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “म्हणजे कोयत्यासारखं. कोयता सकाळी धारेचा असतो, दुपारपर्यंत बोथा होतो. ऊस तोडून.”

त्या मुलीचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जात. आमच्या वसतिगृहातील बऱ्याच मुलांचे जातात, हे वाचकांस ठाऊक आहेच. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, माणसावर नव्हे. कोयत्याची धार जाते ती कोयता वाईट म्हणून नव्हे, तो राबला म्हणून. आणि कानस लावली की ती परत येते. हे त्या मुलीला शब्दकोशाशिवाय माहीत होते. इंग्रजी शब्दाचा वाच्यार्थ इतका स्वच्छ आम्ही कधी शिकवला नव्हता.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल की, प्रथम पात्याला ‘डल’ म्हणत असतील आणि नंतर ती उपमा बुद्धीला लावली असेल. अलंकारशास्त्रही असेच सांगते. आधी वाच्यार्थ, मग त्यावरून लक्ष्यार्थ. आम्हीही अनेक वर्षे असेच समजत होतो. पण या शब्दाचा इतिहास उलटा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘डोल’ असा एक शब्द होता, त्याचा अर्थ मूर्ख. ‘डल’ त्याच्याच घरातला. तो तेराव्या शतकाच्या सुमारास लिखाणात दिसू लागतो तेव्हाही मंदबुद्धीचा मनुष्य हाच त्याचा अर्थ आहे. पाते, रंग, कंटाळवाणे पुस्तक, दुखणे हे अर्थ त्याला नंतरच्या शतकांत जडत गेले. दुखण्याचा अर्थ तर अठराव्या शतकातला. म्हणजे माणसाला दिलेले दूषण आधी आणि सुरी नंतर. बोथट पात्याने मूर्ख माणसाचे नाव उसने घेतले, आणि पुढे लोकांस वाटू लागले की माणसाचेच नाव पात्यावरून पडले आहे.

याच मुळाचा एक भाऊबंद जर्मन भाषेत आहे, ‘टोल’. तेथे त्याचा अर्थ मंद असा न होता वेडा, पिसाट असा झाला. कुत्रा पिसाळण्याच्या रोगाच्या जर्मन नावात तो आजही आहे. आणि गंमत अशी की, आजच्या बोली जर्मनमध्ये ‘टोल’ म्हणजे झकास, फक्कड! एकाच घरातून निघालेले दोन शब्द. एक इंग्लंडात जाऊन मागच्या बाकावर बसला, दुसऱ्याला जर्मनीत शाबासकी मिळाली. शब्दांच्या अर्थात जन्मजात असे फारच थोडे असते.

लॅटिनमध्ये मात्र गोष्ट सरळ आहे. तेथे ठोकून बोथट केलेल्या वस्तूला जो शब्द होता त्यावरून इंग्रजीत ‘ऑब्ट्यूज’ आला आणि धार लावण्याच्या क्रियापदावरून ‘अक्यूट’ आला. भूमितीत आपण ज्यांना विशालकोन आणि लघुकोन म्हणतो त्यांची ही इंग्रजी नावे. नव्वद अंशांहून मोठा कोन बोथट, लहान कोन टोकदार. हेच दोन शब्द इंग्रजीत माणसाच्या बुद्धीलाही लावतात. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी ‘विशाल’ हा शब्द निवडून त्या कोनाची अब्रू राखली, असे आम्हांस भूमितीच्या तासावरून जाताना नेहमी वाटते.

आपल्या भाषांकडे पाहिले तर धार आणि बुद्धी यांचे नाते येथेही जुने आहे. संस्कृतात ‘तिज्’ म्हणजे धार लावणे. त्यापासून ‘तीक्ष्ण’ झाला, पालीत तो ‘तिक्ख’ आणि आपल्या स्वयंपाकघरात ‘तिखट’. त्याच धातूपासून ‘तेज’ झाला; तेज म्हणजे मुळात शस्त्राची तीक्ष्ण धार, मग ज्योतीचे टोक, मग प्रकाश. म्हणजे ‘निस्तेज’ या शब्दाचा अगदी जुना अर्थ पाहिला तर तो ‘धार नसलेला’ असाच निघतो. इंग्रजीत ‘डल’ रंग आणि ‘डल’ सुरी एकाच शब्दात भेटतात, तशी ती आपल्याकडे या धातूत भेटतात. परंतु मतिमांद्यासाठी आपले जे नेहमीचे शब्द आहेत, ते धारेवरून आलेले नाहीत. ‘मंद’ म्हणजे संथ. ‘जड’ म्हणजे वजनदार. पालीतील ‘दन्ध’ म्हणजेही संथच. आणि तिक्ख इंद्रियांच्या माणसाला विरुद्ध म्हणून पालीत जो शब्द येतो तो आहे ‘मुदु’, म्हणजे मृदू. तीक्ष्णाच्या उलट बोथट नव्हे, मऊ! संथ चालणारा उशिरा पोहोचतो, मऊ वस्तूवर ठसा उमटतो. या शब्दांत वाट शिल्लक राहते.

मराठी शाळेचा खास शब्द ‘ढ’. त्याच्याविषयी शिक्षकांच्या खोलीत एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरे बावीसशे वर्षांत बदलत बदलत आजच्या नागरी रूपाला आली, ‘ढ’ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’. व्युत्पत्ती खरी की रचलेली, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. अक्षराविषयीचे विधान मात्र खरे आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली उलगडलेली ब्राह्मी वर्णमाला समोर ठेवून आम्ही सहावीच्या मुलांना दरवर्षी एक खेळ देतो : ओळखीचे अक्षर शोधा. सर्वांत आधी सापडतो तो ‘ढ’च. सम्राट अशोकाच्या काळातील मनुष्य आज आपल्या वर्गात आला, तर फळ्यावरचे जे एक अक्षर त्याला वाचता येईल ते हेच असेल. शिरोरेषा तेवढी त्याला खटकेल.

इंग्रजीतही शाळेतील मंद मुलाला एक नाम आहे, ‘डन्स’. त्याचा उगम तर आणखी विलक्षण. जॉन डन्स स्कॉटस हा मध्ययुगातील मोठा तत्त्वज्ञ, १३०८ साली वारला. इतके बारीक तर्क करणारा की त्याला ‘सूक्ष्म आचार्य’ अशी पदवी होती. दोन शतकांनंतर नव्या विद्येचे पुरस्कर्ते आले. डन्सचे अनुयायी जुन्या पद्धतीला चिकटून बसले म्हणून त्यांची टवाळी होऊ लागली आणि ‘डन्सवाले’ म्हणजे मठ्ठ असे समीकरण झाले. युरोपातील एका अत्यंत कुशाग्र माणसाचे आडनाव अशा रीतीने मतिमंदांच्या कपाळी आले. कोणी कोणाला मठ्ठ म्हणायचे, हे बुद्धीवर ठरत नाही, त्या काळी विद्येची मक्तेदारी कोणाकडे आहे यावर ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते शब्दांचे कौतुक झाले. पण विसाव्या शतकात ‘डल’ या विशेषणाच्या बाबतीत असे काही घडले की, ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यास अर्थ नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. हेतू मर्यादित होता : नेहमीच्या वर्गात ज्या मुलांचे भागत नाही, ती ओळखून त्यांना जादा साहाय्य द्यावे. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न वाढणारी वस्तू आहे असे म्हणणाऱ्यांविरुद्ध बिनेने १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले. अशा मुलांसाठी त्याने लक्ष, स्मृती, इच्छाशक्ती यांचे व्यायामही सुचवले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर त्याने कानस बनवली होती. १९११ साली तो वारला आणि चाचणी अमेरिकेत गेली.

तेथे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मनने १९१६ साली तिची नवी आवृत्ती काढून बुद्ध्यंकाचे कोष्टक छापले. ९० ते ११० सर्वसाधारण, आणि ८० ते ९० या पट्टीला त्याने नाव दिले ‘डलनेस’. शतकानुशतके लोकांच्या तोंडी असलेला एक सैल शब्द आता आकड्यांच्या चौकटीत बसला. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. परंतु त्याच पुस्तकात टर्मनने असे मत मांडले की, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील स्पॅनिश-इंडियन आणि मेक्सिकन कुटुंबांतील मुलांत, तसेच कृष्णवर्णीयांत जो हा ‘डलनेस’ आढळतो तो वंशगत दिसतो, निदान त्यांच्या कुळातच असावा. अशा मुलांना वेगळ्या वर्गांत बसवावे आणि त्यांना हातकामापुरते शिक्षण द्यावे. त्या मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात, ती शेतमजुरीसाठी वर्षातून किती वेळा स्थलांतर करतात, हे प्रश्न त्या कोष्टकात बसत नव्हते. पुढे १९५५ च्या वेश्लरच्या प्रौढांसाठीच्या चाचणीतही ८० ते ८९ या गटाचे नाव ‘डल नॉर्मल’ असेच होते. नंतरच्या आवृत्त्यांतून ते गेले आणि ‘सरासरीपेक्षा कमी’ अशा अर्थाचे शब्द आले. परंतु तोवर शिक्षकांच्या दोन पिढ्या त्या पाठ्यपुस्तकांवर शिकल्या होत्या. आमच्या शेऱ्यातला ‘डल’ कोठून आला, याचा शोध घेताना आम्हांस आमची स्वतःची बी.एड.ची वही आठवली.

१९१६ हे साल वाचताना आमच्यासारख्या माणसाचे बोट तेथेच थांबते. त्याच वर्षी, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. वर्गात तरटावर वेगळे बसून शिकलेला तो विद्यार्थी सांगत होता की, जात टिकते ती स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनावर. दोन लिखाणांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता; टर्मनला आंबेडकर माहीत असण्याचे कारण नाही. पण वीस वर्षांनी, १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या आणि सुप्रजननाच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला आहे, तो वाचताना टर्मनच्या जातकुळीचे पंडित डोळ्यांसमोर येतात. कुळात बुद्धी नसते, हे म्हणणे आपल्याकडे कोणत्याही बुद्ध्यंकाच्या कोष्टकाहून पुष्कळ जुने आहे.

इंग्रजीतील एक म्हण या संदर्भात आठवते. जेम्स हॉवेलच्या १६५९ च्या म्हणींच्या संग्रहात ती आहे आणि आपल्या इंग्रजीच्या पुस्तकांतूनही ती सर्वांनी पाठ केली आहे : नुसतेच काम आणि खेळ नाही, अशाने जॅक ‘डल’ होतो. ही म्हण आपण मुलांना मैदानावर पाठवण्यासाठी वापरतो. जरा थांबून पाहावे. या म्हणीप्रमाणे जॅक जन्मतः ‘डल’ नाही. त्याला कामाने तसे केले आहे. बिचाऱ्या म्हणीला कोयत्याचा अर्थ अचूक कळला होता.

बौद्ध वाङ्मयात मंद विद्यार्थ्याची एक कथा आहे. ती आपल्या विद्यालयात अनेकदा सांगितली जाते. येथे तिच्यातील थोडी कमी सांगितली जाणारी बाजू नोंदवतो. राजगृहातील एका श्रेष्ठीची मुलगी घरच्या दासाबरोबर निघून गेली. त्यांना दोन मुलगे झाले, दोघेही प्रवासात, वाटेवर. म्हणून त्यांची नावे महापन्थक आणि चूळपन्थक. दोघेही भिक्षू झाले. थोरला विद्वान निघाला. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्याने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. तो रडत दाराशी उभा असता भगवान बुद्धांनी त्याला पांढऱ्या वस्त्राचा एक तुकडा दिला आणि ‘मळ काढणारे’ अशा अर्थाचा एक शब्द म्हणत तो हाताने चोळत बसण्यास सांगितले. वस्त्र घामाने मळत गेले, आणि पाठांतराने जे त्याला साधले नव्हते ते त्या मळलेल्या वस्त्राकडे पाहून त्याला उमगले.

अट्ठकथाकारांनी चूळपन्थकाच्या मंदपणाचे कारणही दिले आहे : मागील एका जन्मी तो स्वतः विद्वान होता आणि एका मंद भिक्षूला हसला होता, त्याचे हे फळ. हे कारण आम्हांस मान्य नाही. मागील जन्माचे खाते या जन्मी दाखवणारा कर्मसिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला आहे, तो याचसाठी. टर्मन ‘कुळ’ म्हणतो, अट्ठकथा ‘पूर्वजन्म’ म्हणते. वर्गातल्या मुलाच्या दृष्टीने दोन्हींत फरक पडत नाही. कथेतील महत्त्वाची गोष्ट आमच्या मते वेगळी आहे. गाथा पाठ होत नाही असे दिसल्यावर बुद्धांनी मुलगा बदलला नाही, पाठ बदलला. कानाने जे जात नव्हते ते त्यांनी हाताला आणि डोळ्यांना दिले. आज प्रशिक्षणवर्गांत यालाच अध्ययनशैली वगैरे म्हणतात आणि त्यासाठी रंगीत तक्ते वाटतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. वर्णनात्मक नोंदींची पद्धत आली आणि ‘डल’ हा शेरा प्रगतिपुस्तकांतून गेला. तोंडातून गेला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नोंदवहीत ‘अधिक सरावाची आवश्यकता’ असे लिहिणारा हात आणि शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना “तो डलच आहे हो” म्हणणारे तोंड एकाच देहाचे असू शकते. आम्ही ते अनुभवाने सांगतो.

कपाटातील गठ्ठ्यात आमच्या अक्षरातील जी पुस्तके निघाली, त्यांपैकी एक पाचवीतल्या मुलाचे आहे. त्याच्या आधीच्या शाळेचे प्रगतिपुस्तकही त्याला टाचलेले आहे. त्यात पहिली ते चौथी, प्रत्येक वर्षी, दिवाळीपर्यंतची हजेरी भरलेली आणि पुढचे रकाने थेट मार्चपर्यंत कोरे आहेत. चार वर्षांचे शिक्षण मोजले तर दोन वर्षांहून कमी भरते. हा कागद त्या वेळीही आमच्यासमोर होता. आम्ही गुणांचा रकाना वाचला, हजेरीचा वाचला नाही. तो मुलगा नंतर आपल्याच विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झाला आणि आता संसारी गृहस्थ आहे. माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी येतो असा त्याचा निरोप आहे.

त्या दिवशी जुनी प्रगतिपुस्तके ज्यांची त्यांना परत द्यावीत, असे समितीत ठरले आहे. शेरा खोडून द्यावा काय, असे एका सहकाऱ्याने विचारले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दस्तऐवज खोडू नये, असे आम्ही सांगितले. मूळ शेरा तसाच ठेवून त्या पानाला आम्ही एक चिठ्ठी टाचली आहे. तिच्यावर आजची तारीख आहे, आमची सही आहे, आणि मराठीत दोन ओळी आहेत : पहिली ते चौथी, चारही वर्षे दिवाळीनंतर ऊसतोडीमुळे गैरहजर. पाचवीत प्रथमच संपूर्ण वर्ष शाळेत.